नाव सगळ्यात शेवटी घाला

या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची निघाली. मैत्रिणीसाठी आपल्या हाताने काहीतरी शिवायचंय, आणि ते उघडल्या उघडल्या तिला वाटलं पाहिजे की हे माझंच आहे. तीस वर्षं मी गोधड्या, पिशव्या, उशा शिवते आहे आणि त्यातल्या बहुतेक कुणाला तरी द्यायलाच शिवल्या. म्हणून हे पूर्ण सदर या पत्रांना देते. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : ताई, आमचा सात जणींचा जुना गट आहे. येत्या वर्षभरात प्रत्येकीला पॅचवर्कची एकेक पिशवी शिवून द्यायचं मी ठरवलंय. सातही पिशव्या सारख्या, फक्त प्रत्येकीवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत. नावासाठी कोणता टाका घ्यावा आणि ते कुठे भरावं?

उत्तर : नावाचं सांगते, पण आधी एका चष्म्याच्या घराची गोष्ट ऐका.

माझ्या एका मैत्रिणीला मी चष्म्याचं घर शिवून दिलं होतं. निळ्या कापडांचे छोटे छोटे तारे, वर झाकण, झाकणाला बटण, आणि दर्शनी बाजूला भरीव टाक्याने तिचं पूर्ण नाव. नावालाच चार संध्याकाळी गेल्या. तिला ते खूप आवडलं, तिने तसं मनापासून सांगितलंही. काही महिन्यांनी मी तिच्याकडे गेले तेव्हा चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर उघडाच पडला होता, काचा खाली करून. घर खणात होतं. मी विचारलं तेव्हा ती संकोचली. मग म्हणाली, झाकण उघडायला दोन हात लागतात गं, आणि माझ्या एका हातात कायम पुस्तक नाहीतर ब्रश असतो. शिवाय ती डावखुरी आहे. झाकण मी माझ्या उजव्या हाताच्या सोयीने लावलं होतं.

पंधरा वर्षांची मैत्री, आणि ती डावखुरी आहे हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माहीत होतं. शिवताना मात्र माझ्या डोळ्यांसमोर ती नव्हती, तिचं नाव होतं.

त्या दुपारी मी तिच्याजवळ नुसती बसून राहिले. ती चष्मा कसा काढते, कुठे ठेवते, परत कसा शोधते ते पाहिलं. दुसरं घर शिवलं त्याला झाकणच नाही. तोंड रुंद ठेवलं आणि डाव्या हाताला येणारी कड दीड सेंटिमीटर खाली उतरवली, म्हणजे चष्मा न बघता आत सरकतो. पाठीला एक जाड फास शिवला, तो तिच्या खुर्चीच्या हाताला अडकतो. आत मऊ फ्लॅनेल. नावाचं पहिलं अक्षर तेवढं अस्तरावर, आतल्या बाजूला भरलं. ते घर आजवर दोनदा माझ्याकडे दुरुस्तीला आलं आहे. कडा विरल्या होत्या. दोन्ही वेळा मला फार बरं वाटलं.

माप घेण्याची रीतही सांगते, कारण चष्म्याचं घर ही सुरुवातीला शिवायला उत्तम वस्तू आहे. चष्मा मिटून सगळ्यात जाड ठिकाणी टेप गुंडाळा. समजा घेर 19 सेंटिमीटर आला. त्याचा निम्मा साडेनऊ. चष्मा सहज आतबाहेर व्हावा म्हणून दीड वाढवा, आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीची माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं कापड, मिळून 1.2. म्हणजे एका बाजूच्या तुकड्याची रुंदी 12.2. पण कापताना याहून चांगले दोन सेंटिमीटर जास्तीचे कापा. वरचं कापड, मधला कापसाचा थर आणि अस्तर एकत्र धरून धावदोरे घातले की कापड आक्रसतं. धावदोरे घालून झाल्यावर मगच नेमक्या मापाला कापायचं. हा क्रम उलटा झाला की घर घट्ट होतं आणि चष्मा अडकतो. नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

आता तुमच्या सात पिशव्या. पहिला महिना कापडाला हात लावू नका. प्रत्येकीची सध्याची आवडती पिशवी बघा. ती खांद्याला लावते की हातात धरते, किल्ल्या शोधायला किती वेळ लागतो, पिशवी जमिनीवर टेकवते की मांडीवर घेते. पट्ट्याची लांबी अंदाजाने घेऊ नका. तिची सगळ्यात वापरलेली पिशवी मागून घ्या आणि तिचाच पट्टा मोजा. उंच मैत्रीण आणि बुटकी मैत्रीण यांच्या पट्ट्यांत वीतभर फरक पडू शकतो. एकीला आत कप्पे हवे असतील, दुसरीला कप्प्यांचा वैताग असेल. सात पिशव्या सात प्रकारच्या झाल्या तर होऊ द्या. गटाची खूण म्हणून एकाच कापडाची एक पट्टी सातही पिशव्यांत कुठेतरी शिवा. एकीच्या तळाला, एकीच्या खिशाच्या तोंडाला. त्या सात जणी एकत्र बसतील तेव्हा ती पट्टी त्याच शोधून काढतील.

आणि आता नाव. देवनागरी अक्षरं भरताना शिरोरेघ आणि मात्रा-उकार या दोन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात. शिरोरेघ कापडाच्या आडव्या धाग्यावरच बसवा. धाग्याला थोडीही तिरकी गेली तर सगळं नाव घसरल्यासारखं दिसतं, आणि ते धुतल्यावर जास्तच जाणवतं. अक्षराचं अंग 2 सेंटिमीटर उंच धरलं, तर वरच्या वेलांटीसाठी आणि खालच्या उकारासाठी मिळून जवळजवळ तेवढीच जागा आणखी लागते. ती आधी सोडली नाही की उकार शिवणीत जातो. सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्यातले दोन पदर घ्या. उलट्या टिपेने अंग भरा, टाका सरळ रेषेत 3 मिलिमीटरचा, आणि ‘र’ किंवा ‘ळ’च्या वळणावर 2 मिलिमीटरपर्यंत आखूड करा. जोडाक्षरं दीड सेंटिमीटरपेक्षा लहान भरू नका. श्र, क्ष, त्र यांच्या आतल्या जागा बुजतात. कापडाचं अक्षर कापून चिकटवणार असाल, तर चिकट जाळीच्या कागदावर ते आरशात दिसतं तसं उलटं गिरवावं लागतं. हे विसरलं की पूर्ण नाव वाया जातं आणि कापडही.

कुठे भरावं? माझं उत्तर एकच आहे : आत. जिथे तिचा हात रोज जातो तिथे. बाहेरचं नाव बाकीच्यांना वाचायला असतं.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचे वडील गेल्या वर्षी गेले. तिने त्यांचे तीन शर्ट आणि एक टी-शर्ट माझ्याकडे आणून दिलेत, ‘यातून काहीतरी कर’ म्हणाली. दोन महिने झाले, त्या कपड्यांची पिशवी तशीच आहे. मला कात्री लावायची हिंमत होत नाही. चुकलं तर परत आणता येणार नाहीत.

उत्तर : तुमची भीती रास्त आहे आणि ती असलेली बरी. असं कापड हातात आलं की मीसुद्धा काही दिवस ते फक्त उघडून बघते आणि परत ठेवते.

पहिल्यांदा मैत्रिणीला तीन गोष्टी विचारा. धुवायचं का? हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण काहींना त्या कपड्यांचा वास हवा असतो आणि एकदा धुतल्यावर तो परत येत नाही. कापायचं नाही असं काही आहे का? आणि हे रोज वापरायचं आहे की जपून ठेवायचं? तिसऱ्या प्रश्नावर वस्तू ठरते. मांडीवर घेऊन बसायला, कुशीत धरायला उशी फार चांगली. चार कपड्यांतून एक 40 सेंटिमीटरची उशी निघून वर कापड उरतं.

कापण्यापूर्वी प्रत्येक शर्ट जमिनीवर पसरून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग तो शर्ट हाताने वाचा. मागच्या वर्षी मी असाच एक शर्ट हाती घेतला होता, बारीक राखाडी रेघांचा. कॉलरच्या घडीवर दोरे विरून पांढरी रेघ उमटली होती, मानेला घासून घासून. उजव्या बाहीच्या कडेपेक्षा डाव्या बाहीची कड जास्त झिजली होती, तिथे घड्याळ असायचं. खिशाच्या तळाशी निळ्या शाईचा हरभऱ्याएवढा डाग. तो डाग मी कापून टाकणार होते. ज्या मैत्रिणीचा तो शर्ट होता तिला दाखवला तर ती त्या डागावर बोट ठेवून बराच वेळ बसली. म्हणाली, पेनाला टोपण लावायला ते नेहमी विसरायचे. तो खिसा डागासकट उशीच्या मधोमध शिवला, आणि तोंड मोकळं ठेवलं. तिने त्यात काय ठेवलंय ते मी विचारलेलं नाही.

म्हणून झिजलेलं, डागाळलेलं कापड आपल्या मनाने बाद करू नका. तिला विचारून ठरवा. फार विरलेल्या जागेमागे पातळ सुती कापड टाकून बारीक धावदोरे घातले की ती टिकते.

कामाचा भाग असा. शर्टाची बटणपट्टी उसवू नका. बटणं लावलेल्या स्थितीत पुढचा भाग सपाट पसरा आणि त्यातूनच उशीच्या मागच्या बाजूचा चौकोन कापा. उशी आत घालायचं तोंड आयतं मिळतं, आणि बटणं त्यांनी लावलेलीच राहतात. 40 च्या उशीला चारी बाजूंना 1 सेंटिमीटर माया धरून 42 चा चौकोन. बटण शिवणीच्या रेषेवर येणार नाही अशा बेताने चौकोन वर-खाली सरकवून घ्या, नाहीतर सुई मोडेल आणि बटणही फुटेल. पुढच्या बाजूचे तुकडे पाठीतून आणि बाह्यांतून निघतात. पाठीचा तुकडा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी झिजलेला असतो.

टी-शर्टचं कापड वेगळं वागतं. ते विणलेलं होजिअरी असतं, कात्री लागली की कडा गुंडाळतात आणि मशीनखाली लांबतं. हवा आहे त्याहून मोठा तुकडा मोकळा कापा, उलट्या बाजूला पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, गार होऊ द्या, मगच नेमक्या मापाला कापा. इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. ढकलायची नाही, ढकलली की कापड तिरकं ताणलं जाऊन तसंच चिकटतं. छापील चित्र असेल तर त्यावर थेट इस्त्री नको, मध्ये कागद. मशीनला गोल टोकाची जर्सीची सुई लावा. साधी अणकुचीदार सुई फासे तोडते आणि काही धुण्यांनंतर तिथे भोकं पडतात.

आधी स्वतःचा एखादा जुना शर्ट घेऊन हीच उशी पूर्ण शिवा. एक दिवस जाईल, पण कात्री धरताना हात थरथरणार नाही.

तुम्हाला धीर यावा म्हणून एक आठवण देते. अमेरिकेत एड्सने गेलेल्या माणसांसाठी 1987 साली एक स्मृती-गोधडी सुरू झाली. तिचा प्रत्येक तुकडा 3 फूट बाय 6 फूट, साधारण एका कबरीच्या मापाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा उघड्यावर अंथरली तेव्हा तिच्यात 1,920 तुकडे होते. आई-वडिलांनी, जोडीदारांनी, मित्रांनी शिवलेले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना शिवण येत नव्हती. त्यांनी त्या तुकड्यांवर शर्ट शिवले, जीन्स शिवल्या, लहानपणीचे टेडी शिवले. टाके वेडेवाकडे आहेत. ते पाहताना टाके कुणी मोजत नाही.

उरलेली प्रत्येक चिंधी, सुटं बटण, कॉलरचा तुकडा एका पिशवीत भरून मैत्रिणीला परत द्या. हे मात्र विसरू नका.

प्रश्न : लाल-पांढऱ्या चौकोनांची छोटी गोधडी मैत्रिणीच्या बाळासाठी शिवली. तिने धुतली आणि पांढऱ्याचं गुलाबी झालं. ती काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटतंय. आता काही होईल का?

उत्तर : होऊ शकतं, पण लवकर करा. गोधडी वाळवून इस्त्री केली नसेल तर आशा जास्त. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी घ्या, त्यात साबण, आणि गोधडी पूर्ण बुडेल अशी रात्रभर ठेवा. पाणी भरपूर हवं, म्हणजे सुटलेला रंग पाण्यातच तरंगत राहतो, पांढऱ्यावर परत बसत नाही. पाणी रंगलं की बदला. नितळ पाणी येईपर्यंत दोन-तीनदा करावं लागतं. घाईने पिळून उन्हात टाकलं की तो गुलाबी तिथेच मुरतो.

माझ्या हातून हे एकदा झालंय, गडद लालाच्याच बाबतीत. दुकानात विचारलं तर रंग पक्का आहे म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर मी कुणाच्या शब्दावर राहिले नाही. प्रत्येक गडद कापडाचा बोटभर तुकडा ओला करते, पांढऱ्या सुती चिंधीवर ठेवते आणि वरून गरम इस्त्री दाबते. चिंधीवर डाग आला की ते कापड धुवायला जातं. तीन धुण्यांनंतरही रंग सोडत असेल तर ते पांढऱ्याशेजारी लावत नाही. मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून तयार सुती कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही. हा सल्ला खूप जणी देतात, मीही पूर्वी दिलाय, तो चुकीचा होता.

आणि मैत्रिणीला फोन करा. ती बोलली नाही, कारण तिला वाटत असेल की धुताना तिचंच काही चुकलं.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण शिकायला दूर, खूप थंड देशात चालली आहे. आम्हा 24 जणांच्या सह्या असलेली गोधडी तिला द्यायची आहे. माझ्याकडे मशीन नाही आणि मला फक्त धावदोरा येतो. अडीच महिने आहेत. जमेल का?

उत्तर : जमेल. अगदी धावदोऱ्यावर जमेल. आणि तू निवडलेली वस्तू फार जुन्या वाटेवरची आहे. 1840 च्या दशकात अमेरिकेत अशा सह्यांच्या गोधड्यांची मोठी लाट होती. दूर पश्चिमेला निघालेल्या मैत्रिणीला, नातेवाइकांना मागे राहिलेल्यांनी एकेक चौकोन सही करून दिलेला असे. परत भेट होईल याची खात्री कुणालाच नसायची.

त्यांतल्या काही गोधड्यांत आज सहीच्या जागी बारीक भोकं आहेत, कारण लोखंड असलेल्या शाईने कापड खाल्लं. म्हणून शाईकडे लक्ष दे. कापडावर लिहायचं पक्क्या शाईचं पेन घे, एका चिंधीवर लिहून, इस्त्री करून, धुऊन बघ. आखणीसाठी मात्र उष्णतेने पुसली जाणारी शाई वापरू नकोस. ती शाई 60 अंशांच्या आसपास दिसेनाशी होते, जात नाही. तापमान उणे 10 च्या खाली गेलं की रेषा परत उमटू लागतात. तुझी मैत्रीण जिथे चालली आहे तिथे ती गोधडी सामानातून नेता-आणतानाच सगळ्या पेन्सिलीसारख्या रेघा वर येतील. साधा शिंप्याचा खडू किंवा पाण्याने जाणारी शाई घे, आणि इस्त्रीआधी ती धुऊन टाक.

माप असं धर. शिवून झाल्यावर 12 सेंटिमीटरचा एक चौकोन, चार रांगा, प्रत्येकीत सहा. म्हणजे 48 बाय 72. भोवती 9 सेंटिमीटरची गडद पट्टी लावलीस की 66 बाय 90 होईल. मांडीवर घ्यायला, खुर्चीच्या पाठीवर टाकायला पुरेल. कापताना चौकोन 13.2 चा, चारी बाजूंना 6 मिलिमीटर माया. लोक कागदाच्या कडेपर्यंत सही करतात, आणि मग अर्धं नाव शिवणीत जातं. प्रत्येक चौकोनावर आत 9 सेंटिमीटरची चौकट आखून दे आणि सांग की यातच लिहायचं. कापड पेनाखाली सरकतं, त्यामुळे मागे पुठ्ठा ठेवून चारी कोपरे चिकटपट्टीने बसव. चौकोन 24 च्या ऐवजी 30 काप. कुणीतरी तारीख चुकवेल, कुणी शाई सांडेल, आणि आयत्या वेळी पंचविसावा मित्र येईलच.

दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको, गुंततो. टाका 2 ते 3 मिलिमीटर. प्रत्येक शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटी एक उलटी टीप, म्हणजे गाठ सुटली तरी शिवण उसवत नाही. आधी सहा-सहांच्या रांगा जोड, मग रांगा एकमेकींना. शेजारच्या दोन रांगांची माया विरुद्ध दिशांना वळवून इस्त्री कर, म्हणजे चारही कोपरे एका बिंदूत बसतात. तीन थर जोडताना कच्चे टाके मुठीएवढ्या अंतरावर घाल आणि घाई करू नकोस. गोधडीला सुरकुत्या पडतात त्या इथेच पडतात.

रोज दीड तास दिलास तर दोन महिन्यांत होईल. सुरुवातीचे पंधरा दिवस सह्या गोळा करायला ठेव. ते काम वाटतं त्याहून जास्त वेळ खातं.

प्रश्न : माझी मैत्रीण हळूहळू दृष्टी गमावते आहे. आता तिला फक्त उजेड-अंधार कळतो. मी पॅचवर्कच करते, पण रंगांचं काम तिला देऊन काय उपयोग, असं वाटून थांबले आहे. काय शिवू?

उत्तर : थांबू नका. ज्या हातांनी ती आता सगळं ओळखते त्यांच्यासाठी शिवा.

मी अशी एक शाल शिवली आहे, आणि पहिल्या खेपेला चुकले. साटिन आणि तलम पॉपलिन शेजारी शेजारी लावलं होतं. डोळ्यांना त्यांत केवढा फरक दिसतो, पण बोटाखाली दोन्ही गुळगुळीत. तिला सीमा सापडेना. तेव्हापासून अशा कामात मी कापडं निवडते ती डोळे मिटून, टेबलावर पसरून. कॉर्डरॉयच्या उभ्या रेघा, मखमलीची लव, डेनिमचा खरबरीतपणा, फ्लॅनेल, टॉवेलचे फासे ही एकमेकांपासून लगेच वेगळी कळतात. मखमल आणि कॉर्डरॉय एका दिशेने मऊ आणि उलट्या दिशेने रुक्ष लागतं, म्हणून सगळे तुकडे ठरवून एकाच दिशेने लावा. मग हात फिरवताच तिला वरची बाजू आणि खालची बाजू समजते. जाड-पातळ कापडं एकत्र शिवताना माया 1 सेंटिमीटर ठेवा, 6 मिलिमीटर पुरत नाही.

रोज उपयोगी पडणारी वस्तू हवी असेल तर खिशांची पिशवी शिवा. प्रत्येक खिशाच्या तोंडाशी, अंगठा जिथे टेकतो तिथे, गाठीच्या टाक्याने एक गाठ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. खिशांचा क्रम ती सांगेल तो. ब्रेलमध्ये नाव भरायचं मनात येईल, तर आधी ती ब्रेल वाचते का ते विचारा. मोठेपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. शिवाय ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून जेमतेम अडीच मिलिमीटरवर असतात, दोऱ्याच्या गाठी त्या अंतरात दबून एकच ढीग होतो.

रंगही घाला बरं का. तिला रंग आठवतात. देताना एकेका तुकड्यावर तिचं बोट ठेवून सांगा, हा गडद हिरवा, हा गंजासारखा तांबूस. माझ्या मैत्रिणीने ते सगळे दुसऱ्या दिवशी मला क्रमाने म्हणून दाखवले.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीला मोठी गोधडी दिली. तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे, ‘इतकी सुंदर आहे, खराब होईल’ म्हणते. मला ती तिच्या पलंगावर बघायची आहे. कसं सांगू?

उत्तर : तिला धुवायची भीती वाटते आहे, आणि ती तुम्हीच काढू शकता. तिच्याकडे जा आणि दोघी मिळून ती गोधडी एकदा धुवा. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढायचं, सावलीत आडवी वाळवायची. तिच्या देखत एकदा झालं की ती पुढे आपणहून धुवेल.

प्लास्टिकमधून तर ती आजच बाहेर काढायला सांगा. आत दमटपणा कोंडतो आणि बुरशीचे ठिपके धरतात, ते निघत नाहीत. दोन वर्षं एकाच घडीत राहिल्याने घडीच्या रेषेवर धागे दुबळे झाले असतील, तिथे हात फिरवून बघा. टाके सुटलेले दिसले तर तिथेच बसून घाला. मी मोठी गोधडी देते तेव्हा तिच्याबरोबर त्याच कापडांच्या चार-पाच चिंध्या, एक सुई आणि लावलेल्या दोऱ्याचं उरलेलं रीळ देते. मागच्या कोपऱ्यात सुती कापडाची चिठ्ठी शिवते. तिच्यावर मैत्रिणीचं नाव, माझं नाव, तारीख, आणि खाली एक ओळ : फाटली की माझ्याकडे आण.